घरात पैसे घालण्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचं दुसरं लग्न, तुमची मुलगी 11 वर्षांची, यजमानांचा मुलगा 16 चा. बदलापूरचं रो-हाऊस यजमान आणि त्यांच्या दिवंगत पत्नी यांच्या संयुक्त नावावर आहे. स्लॅब गळतो, सळ्या गंजल्यात आणि 2019 च्या पुरात पाणी ओट्यापर्यंत आलं होतं. कंत्राटदाराने 16 लाखांचा अंदाज दिलाय. त्यातले 10 लाख तुमची एफडी मोडून आणि 6 लाख तुमच्या नावे पर्सनल लोन काढून उभे करायचा तुमचा विचार आहे.

माझं स्पष्ट मत: एफडी मोडू नका, निदान आत्ता तरी नाही.

कारण मालकीत आहे. पहिल्या पत्नीने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तिचा अर्धा हिस्सा नवरा आणि मुलगा यांच्यात सारखा वाटला जातो. म्हणजे आज घराचा पाऊण हिस्सा यजमानांचा, पाव मुलाचा. तुमचा काहीच नाही. उद्या यजमानांना काही झालं, तर त्यांच्या हिश्श्यात तुम्ही, मुलगा आणि सासूबाई असतील तर त्या, असे वारस येतात. तुमच्या मुलीला त्यातून काही मिळत नाही, कारण सावत्र मूल वारसात धरत नाहीत. तुमची एफडी तिच्या शिक्षणासाठी ठेवलेली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो पैसा स्लॅबमध्ये गेला की त्याचा कागदोपत्री माग राहत नाही. तुमच्या घरात माया आहे हे पत्रातून दिसतं, म्हणूनच हे बोलणं आत्ता सोपं आहे.

यजमानांनी मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. तुम्हाला मोठी रक्कम घालायचीच असेल, तर आधी त्यांनी आपल्या हिश्श्यातला काही भाग बक्षीसपत्राने तुमच्या नावे करावा. राहत्या घरासाठी पती-पत्नीत महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. मग तुम्हीही मृत्युपत्र करा आणि त्यात दोन्ही मुलांचा विचार करा.

आता कामाचं. 16 लाखांत मॉड्युलर किचन आणि गच्चीवर मुलांसाठी खोली आहे. दोन्ही थांबू द्या. उल्हास नदीचं पाणी 2005 ला आलं, 2019 ला आलं. तळमजल्यावर प्लायवूडची कपाटं फुगून वाया जातील. कडाप्प्याचा ओटा आणि अ‍ॅल्युमिनियमची दारं पुरतील. खोलीसाठी नगरपरिषदेची परवानगी लागते, आणि गंजलेल्या सळ्यांवर नवं ओझं चढवायचं की नाही हे कंत्राटदाराने ठरवायचं नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, त्याच्या अहवालावरून प्रत्येक कामाचा दर आणि माप लिहिलेलं कोटेशन मागा. ‘वॉटरप्रूफिंग, एकूण अडीच लाख’ अशी एका ओळीची नोंद मान्य करू नका.

गळती आणि सळ्यांचं काम तुमच्या अंदाजपत्रकानुसार साधारण 6 लाखांचं आहे. ते कर्ज यजमानांनी घ्यावं, कारण घर त्यांचं आहे. बँकेचं घरदुरुस्ती कर्ज स्वस्त वाटेल, पण त्यात घर गहाण पडतं आणि अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय गहाण टाकता येत नाही. 9 टक्क्यांनी 5 वर्षांचा हप्ता 12,455 येतो, 13 टक्क्यांच्या पर्सनल लोनचा सुमारे 13,650. पाच वर्षांत फरक साधारण 72 हजारांचा. कोर्टकचेरीत पावसाळा निघून जाण्यापेक्षा मी तो फरक सोसेन. मुदतीआधी फेडीचं शुल्क मात्र सही करण्यापूर्वी विचारून घ्या.

हप्त्याचा भार यजमानांच्या पगारावर पडेल, तेव्हा किराणा आणि मुलांच्या फिया तुम्ही उचला. पुरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही विमा पॉलिसी पावसाळ्याआधी घ्या; तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं. गच्चीवरच्या खोलीचा प्रश्न मुलगा 18 वर्षांचा झाला की पुन्हा काढा. तेव्हा तो स्वतःच्या हिश्श्याबद्दल स्वतः सही करू शकेल, आणि त्या बैठकीत त्यालाही बसवा.