नामवाक्य सापडलं, पण त्याचं काम कोणतं?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. इंग्रजीतलं नामवाक्य, म्हणजे नामाचं काम करणारं उपवाक्य, ती अधोरेखित करते, पण ते कर्ता, कर्म की पूरक, इथे अडते. ‘द न्यूज दॅट द स्कूल वॉज क्लोज्ड रीच्ड खानापूर लेट’ यात तर तिनं विशेषणवाक्य (विशेषणाचं काम करणारं उपवाक्य) लिहिलं. घरी कसं शिकवू?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी मुख्य क्रियापद शोधायला लावा. ‘दॅट’ किंवा ‘व्हॉट’ दिसला की मुलं लगेच पेन्सिल चालवतात आणि मुख्य वाक्य राहूनच जातं.

‘व्हॉट द कंडक्टर सेड वॉज ट्रू.’ मुख्य क्रियापद ‘वॉज’. खरं काय होतं? कंडक्टर म्हणाला ते. म्हणजे कर्ता. आता ‘आय नो व्हॉट द कंडक्टर सेड’. शब्द तेच, पण इथे ते ‘नो’चं कर्म. ‘वी लाफ्ड ॲट व्हॉट द कंडक्टर सेड’ यात ते ‘ॲट’ या शब्दयोगी अव्ययाचं कर्म आहे, पेपरात नुसतं ‘कर्म’ लिहून थांबू नये. आणि ‘धिस इज व्हॉट द कंडक्टर सेड’ मध्ये ते ‘इज’नंतर येऊन ‘धिस’ म्हणजे काय ते सांगतं, म्हणून पूरक. ही चार वाक्यं वहीत एकाखाली एक लिहून घ्या. काम शब्दांवर नाही, जागेवर ठरतं, हे तिला आपोआप दिसेल.

आपल्या मराठी-कन्नड भागात एक अडचण जास्तीची आहे. ‘बस गेली म्हणून सांगितलं त्यानं’ असं आपण सहज बोलतो. कन्नडमध्येही ‘अंत’ लावून असंच बोलतात. दोन्हीकडे कर्म क्रियापदाच्या आधी येतं. इंग्रजीत मात्र ते नंतर येतं. त्यामुळे मनातल्या मनात मराठी करून जागा ठरवू देऊ नका. प्रश्न इंग्रजी क्रियापदालाच विचारायचा.

‘दॅट’, ‘व्हॉट’, ‘व्हेन’ अशा जोडशब्दांची यादी पाठ करून घेणं मला अजिबात पटत नाही. ‘आय नो व्हेन ही केम’ यात नामवाक्य आहे, ‘आय लेफ्ट व्हेन ही केम’ यात कधी निघालो ते सांगणारं क्रियाविशेषणवाक्य. ‘व्हेन’ दोन्हीकडे आहेच की!

‘इट इज ट्रू दॅट द बस हॅज लेफ्ट’ मध्ये ‘इट’नं नुसती सुरुवातीची जागा अडवलेली असते, खरा कर्ता ‘दॅट’पासूनचं नामवाक्य.

आता तिचं वाक्य. ‘दॅट’ झाकून पुढचं वाचायला सांगा : ‘द स्कूल वॉज क्लोज्ड’. वाक्य पुरं आहे, काही कमी पडत नाही. बातमी कोणती, तर शाळा बंद होती हीच. उलट ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ मध्ये ‘दॅट’ झाकला तर ‘ही ब्रॉट’ लंगडं पडतं, काय आणलं? तिथे ‘दॅट’ काढून ‘विच’ घालता येतो, म्हणून ते विशेषणवाक्य. शाळेच्या वाक्यात ‘विच’ बसत नाही. तेव्हा उत्तर असं पूर्ण लिहायचं : नामवाक्य, ‘द न्यूज’ या नामाशी समानाधिकरण, म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणारं.