केळवणाचे ताट

चिरंजीव लेकीस अनेक आशीर्वाद.

शनिवारी दादाला केळवणासाठी बोलावले आहे असे मी सांगितले, तेव्हा तू विचारलेस, "बाबा, केळवणात केळी खातात का? आणि आपल्याच दादाला जेवायला बोलवायचे, तर ताटाभोवती रांगोळी कशाला?" कामावर निघायच्या घाईत मी तुला नीट उत्तर दिले नाही, ते आज देतो.

ज्याचे किंवा जिचे लग्न ठरले आहे, त्याला आणि त्याच्या घरच्यांना नातेवाइकांनी लग्नाआधी आपल्या घरी बोलावून जेवू घालायचे, याला केळवण म्हणतात. काही ठिकाणी त्यालाच गडगनेर असा शब्द आहे. मुंज व्हायची असलेल्या मुलाचेही केळवण करतात. केळीचा संबंध आलाच तर जेवणाच्या पानापुरता.

मला जे केळवण सर्वांत जास्त आठवते, ते तुझ्या आत्याचे, म्हणजे माझ्या ताईचे. साल 1989 होते आणि मी बारा वर्षांचा होतो. आम्ही सांगलीत राहायचो आणि माझी आत्या तिथून चारेक किलोमीटरवर, हरिपूरला. कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम तिथे होतो. त्या गावच्या जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत असत. अरुंद तोंडाच्या त्या पेवांत ती कीड न लागता दीर्घकाळ टिके. (2005 सालच्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे बुडाली, याचे मला फार वाईट वाटते.) आत्याचे यजमान हळदीच्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. पगार बेताचा आणि घर दोन खोल्यांचे, पण "ताईचे पहिले केळवण माझ्याकडेच" असे आत्याने साखरपुड्याच्या दिवशीच सांगून ठेवले होते.

आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा एकाच पाटाभोवती रांगोळी काढलेली होती. एरवी घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर आईबरोबर शेवटी जेवायला बसणाऱ्या ताईला आत्याने हाताला धरून त्या पाटावर बसवले, कुंकू लावले, ओवाळले आणि पहिले वाढप तिच्या ताटात केले. तुझ्या रांगोळीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले होते. माणूस घरचेच असते. परंतु त्या दिवशी सगळे घर त्या एका माणसासाठी थांबलेले आहे, हे रांगोळीमुळे त्यालाही कळते.

बेत साधा होता: कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर, वरणभात, तळलेल्या कुरडया आणि गव्हल्यांची खीर. गव्हले म्हणजे रव्याच्या घट्ट भिजवलेल्या पिठाचे, बोटांच्या चिमटीत वळलेले गव्हाएवढे दाणे. मंगलकार्याच्या घरी ते हमखास करतात. हे गव्हले आत्याच्या सासूबाईंनी वळले होते. त्या दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या आणि लग्नाला कार्यालयात येणे त्यांना शक्यच नव्हते. उशाशी परात घेऊन, रोज थोडे थोडे करत, त्यांनी आठ दिवसांत शेरभर गव्हले केले. जेवण झाल्यावर ताई त्यांच्या पाया पडायला आत गेली, तेव्हा त्यांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. ज्यांना लग्नाला येता येणार नव्हते, त्यांच्याकडे लग्नच आधी जाऊन आले, असे मला आता वाटते, आणि केळवणाचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

खीर वाढायचे काम माझ्याकडे होते. आत्याने मला बजावले, "हवी का, असं विचारायचं नाही. पुरे म्हटलं तरी एक पळी वाढायची." मग सगळ्यांनी ताईला नाव घ्यायचा आग्रह केला. ती लाजून लाल झाली, पण म्हणाली,

"कृष्णेला वारणा भेटे हरिपूरच्या घाटी,
…रावांचे नाव घेते आत्याच्या खिरीसाठी."

निघताना आत्याने ताईला खण आणि नारळ दिला आणि आईच्या हाती हळकुंडांची एक पुरचुंडी ठेवली. लग्नाची हळद त्याच हळकुंडांची दळली गेली. त्या केळवणाला आम्ही सगळे मिळून अकराजण होतो, आणि ताई आजही लग्नाच्या गोष्टी सांगायला बसली की कार्यालयातल्या पंगतीच्या आधी त्या दुपारचेच सांगते.

आता त्याच ताईच्या मुलाचे, तुझ्या दादाचे, डिसेंबरात सांगलीला लग्न आहे. तो नोकरीसाठी आपल्याप्रमाणेच म्युनिकला राहतो, आणि इथे त्याच्या नात्याचे घर आपले एकच आहे. मी त्याचा मामा, म्हणून त्याचे केळवण करणे हा माझा मान आहे. ताईने पार्सलने गव्हले पाठवले आहेत. पाट आपल्याकडे नाही, तेव्हा खुर्चीवर शाल घालू आणि टेबलावर ताटाभोवती रांगोळी तू काढ. मोराची जमत नसेल तर ठिपक्यांची चालेल. आई त्याला ओवाळेल. खीर वाढायची पळी मात्र मी तुझ्या हाती देणार आहे, आणि आत्याने मला काय बजावले होते, ते वर लिहिलेलेच आहे.

तुझा,
बाबा