जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे वर्ष आखताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवण्याची जबाबदारी तुझ्याकडे आली असून नववी-दहावीच्या प्रात्यक्षिकांचे वार्षिक नियोजनही तुलाच करायचे आहे, हे वाचून फार समाधान वाटले. प्रयोगवहीत प्रयोग ज्या क्रमाने दिलेले असतात त्याच क्रमाने ते महिन्यांवर वाटून टाकावेत, असा तुझा विचार दिसतो. तसे करू नकोस, हे सांगण्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहीत आहे. बाटलीतील आम्ल वर्षभर सारखेच राहते. पान, बी आणि बुरशी तशी राहत नाहीत. कोणता प्रयोग कधी घ्यायचा हे आधी गोव्याच्या ऋतुमानावरून आणि तुझ्या शाळेच्या आवारात काय उगवते त्यावरून ठरव, आणि मग प्रकरणांचा क्रम त्याला शक्य तितका जुळवून घे.

उदाहरण म्हणून प्रकाशसंश्लेषणासाठी प्रकाश आवश्यक असतो हे दाखवणारा प्रयोग घे. कुंडीतील रोप 48 तास अंधारात ठेवून त्याच्या पानांतील पिष्ट संपू द्यायचे, मग एका पानाचा काही भाग दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाने झाकून रोप चार ते सहा तास उन्हात ठेवायचे आणि शेवटी पान आयोडीनने तपासायचे, अशी त्याची रीत तुला ठाऊक आहेच. हाच प्रयोग जुलैच्या झडीत लावला, तर अंधुक उजेडात पिष्ट इतके कमी साठते की पानाच्या उघड्या भागावर निळा-काळा रंग धड चढत नाही, झाकलेल्या भागाशी त्याचा फरक स्पष्ट दिसत नाही, आणि मुले जे पाहिलेच नाही ते पुस्तकातून वहीत उतरवून मोकळी होतात. आपल्याकडे माध्यमिक वर्गांचे शैक्षणिक वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीपूर्वीचे कडक उन्हाचे दिवस तुझ्या हाती आहेत. ते याच प्रयोगाला दे. तेव्हा जमले नाही, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधील स्वच्छ उन्हापर्यंत थांब.

या प्रयोगातील धोक्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण शालेय जीवशास्त्रात भाजण्याची भीती सर्वांत जास्त येथेच असते. पानातील हरितद्रव्य काढण्यासाठी पान स्पिरिटमध्ये उकळावे लागते. स्पिरिट सुमारे 78 अंश सेल्सियसला उकळते आणि त्याची वाफ ज्योतीजवळ पोहोचताच पेट घेते. म्हणून चंचुपात्रातील पाणी आधी उकळून घ्यावे, ज्योत पूर्ण विझवावी, आणि त्यानंतरच पान व स्पिरिट असलेली परीक्षानळी त्या गरम पाण्यात उभी करावी. याहून चांगला मार्ग म्हणजे उकळते पाणी थर्मासमध्ये भरून आणावे आणि त्या तासाला वर्गात एकही ज्योत पेटू देऊ नये. स्पिरिटमधून काढलेले पान ठिसूळ झालेले असते. ते कोमट पाण्यात बुडवून मऊ केल्याशिवाय मुलांच्या हाती दिलेस, तर काचपट्टीवर त्याचे तुकडेच उरतील.

पावसाळा या प्रयोगाला प्रतिकूल असला, तरी बाकी कितीतरी गोष्टींसाठी तोच वर्षातील सर्वांत समृद्ध काळ आहे, आणि आपल्या शाळांच्या नियोजनात तो वाया जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. शाळेच्या चिऱ्याच्या गडग्यावर जूनअखेरीस मॉस दाट उगवते, नेच्याच्या पानांखाली बीजाणूंचे तपकिरी ठिपके दिसू लागतात, शेतात साचलेल्या पाण्यात हिरव्या शेवाळाचे धागे तरंगू लागतात. त्याच साचलेल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की एरवी फक्त तयार काचपट्टीवर पाहायला मिळणारे एकपेशीय जीव मुलांना हलताना दिसतात. पोदेराकडील, म्हणजे पाववाल्याकडील, पावाचा ओलसर तुकडा झाकलेल्या डबीत ठेवला, तर तीन-चार दिवसांत त्यावर बुरशीचे तंतू येतात. मात्र ती डबी वर्गात उघडून फिरवू नकोस, कारण दम्याचा त्रास असलेल्या मुलाला बीजाणूंची बाधा होऊ शकते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सीतेची आसवे फुलतात. ही कीटकभक्षी वनस्पती तिच्या जागीच दाखवावी, उपटून आणू नये. याच दिवसांत एखादा उत्साही विद्यार्थी बेडूक पकडून आणतो. तो त्याला प्रेमाने, पण ठामपणे परत सोडायला लाव आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविषयी त्याच वेळी वर्गात बोल. पावसाळ्यात खाण्यासाठी बेडूक मारले जातात त्या आपल्या प्रदेशात हा विषय मुलांच्या घरापर्यंत पोहोचतो.

काही प्रयोग जोड तासातही बसत नाहीत, आणि नवा शिक्षक बहुधा येथेच अडतो. मोड आलेले मूग श्वसनात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात हे दाखवायचे असेल, तर शंकुपात्रात मुगाच्या वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची लहान नळी टांगायची, बुचाला व्हॅसलीन लावून सगळे हवाबंद करायचे आणि बाहेर काढलेल्या वाकड्या नळीचे टोक पाण्यात ठेवायचे. तयार होणारा वायू हायड्रॉक्साइड शोषून घेते, आतील दाब घटतो आणि नळीत पाणी चढते. पण ते डोळ्यांना दिसण्याइतके चढायला वेळ लागतो. म्हणून ही मांडणी सकाळी प्रार्थनेपूर्वी करावी, शाळा सुटेपर्यंत मुलांनी मधल्या वेळात येऊन नोंदी घ्याव्यात, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावे. तुलनेसाठी उकडलेले मूग ठेवताना ते जंतुनाशकाने धुऊन घे, नाहीतर आपल्या दमट हवेत त्यांवर जिवाणू वाढतात, त्या जिवाणूंच्या श्वसनामुळे त्याही नळीत पाणी चढते, आणि तुलनेचा आधारच नाहीसा होतो.

यावरून एक पद्धत सुचवतो. वेळापत्रकात प्रत्येक प्रयोगाच्या तारखेशेजारी त्याच्या तयारीची तारीख स्वतंत्रपणे लिही. कुंडी अंधारात कधी ठेवायची, मूग कधी भिजवायचे, बीजाचे भाग पाहण्यासाठी आळसांदे (चवळीच्या जातीचे कडधान्य) आदल्या रात्री कोणी भिजत घालायचे, हे सगळे त्या रकान्यात यावे आणि त्याची एक प्रत प्रयोगशाळा सहायकाकडे असावी. चुन्याची निवळी हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे आपोआप गढूळ होते, म्हणून ती ताजी करून बुच घट्ट लावावी. आयोडीनचे द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे. आणि प्रत्येक प्रयोग मुलांपूर्वी स्वतः एकदा, त्याच सामग्रीने आणि त्याच खोलीत, करून पाहावा.

सूक्ष्मदर्शकांकडे मे महिन्यातच लक्ष दे. गोव्याच्या पावसाळी हवेत भिंगांवर बुरशी येते आणि एकदा तिने काच खाल्ली की ती पूर्ववत होत नाही. बंद कपाटात सिलिका जेल ठेव, त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापर, किंवा कपाटात कमी वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावून आतील हवा कोरडी राख. आरशावर चालणारे सूक्ष्मदर्शक असतील, तर ढगाळ दिवसांसाठी टेबलावरच्या दिव्याची सोय लागेल. वर्गात 40 मुले आणि सहा सूक्ष्मदर्शक असतील, तर सर्वांना एकाच वेळी रांगेत उभे करू नकोस. अर्ध्या वर्गाने ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा सोलून पर्णरंध्रे पाहावीत आणि बाकीच्यांनी तोवर भिजलेल्या आळसांद्याची साल काढून दोन बीजपत्रे, अंकुर आणि आदिमूळ यांची आकृती काढावी. गालाच्या पेशी पाहताना प्रत्येकाने स्वतःचीच स्वच्छ काडी वापरून ती जंतुनाशकात टाकावी. बोट टोचून रक्त काढण्याचा प्रयोग करूच नये.

पावसाळ्यानंतर मुलांना एकदा खारफुटीत ने. चोडण बेटावरील सलीम अली पक्षी अभयारण्य 1988 मध्ये घोषित झाले असून रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेथे जाता येते. त्यासाठी वन खात्याची परवानगी आधी घ्यावी आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा, कारण तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे ओहोटीलाच नीट दिसतात. तिवराच्या पानावर साठलेले मिठाचे कण आणि कांदळाच्या फांदीवरच रुजून खाली लोंबणारी रोपे मुलांनी पाहिली, की परासरण आणि अनुकूलन ही प्रकरणे वर्गात शिकवणे सोपे जाते. हुऱ्याच्या झाडाला मात्र कोणी हात लावू नये, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. तुझ्या शाळेजवळ खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून केलेली शेती) आणि मानशी (भरतीचे पाणी अडवणारे बांधातील दार) असेल, तर चोडणपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

प्रयोगवहीच्या गुणांविषयी माझे मत स्पष्ट आहे. निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही म्हणून गुण कापू नयेत. रंग का आला नाही याचे संभाव्य कारण ज्याने लिहिले, त्याला पूर्ण गुण द्यावेत. तुझ्या पहिल्या तपासणीतच मुलांना हे कळले, तर पुढच्या तासापासून ती काचपट्टीकडे अधिक वेळ पाहतील.

आराखडा तयार झाला की तयारीच्या रकान्यासह माझ्याकडे पाठव. चतुर्थीच्या सुट्टीच्या लगेच आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात जिवंत सामग्री लागणारा एकही प्रयोग ठेवू नकोस, म्हणजे तो मी तपासताना खोडावा लागणार नाही.

तुझा,
एक जुना शिक्षक