पावागडच्या कड्यावरील तेरड्यासारखी वनस्पती: नवीन प्रजाती आहे की नाही, हे कसे ठरवावे

आपण लिहिले आहे की श्रावणात गुजरातेतील पावागडावर माचीच्या वरच्या अंगाला, पाझर असलेल्या उभ्या कड्याच्या कपारीत, वीतभरही उंची नसलेली, गुलाबी फुलांची तेरड्यासारखी वनस्पती आपल्याला दिसली. मोबाइलवरच्या अ‍ॅपने तिला साधा तेरडा ठरवले. परंतु उंची, पाने आणि फुलांची संख्या वेगळी वाटल्यामुळे ही नवीन प्रजाती असू शकेल का, आणि असल्यास पुढे काय करावे, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही छायाचित्रे मी मोठी करून पाहिली. माझे मत असे की हा बहुधा कड्यावर खुरटलेला तेरडाच असावा. मात्र दुसऱ्या छायाचित्रात खालच्या कोपऱ्यात जे बोंड दिसते ते गुळगुळीत वाटते, आणि तेवढ्यासाठी हा विषय सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते.

ज्या तीन गोष्टींवर आपण भर दिला आहे, त्या तिन्ही गोष्टी कडा स्वतः बदलतो. पावागडाचा खालचा भाग बेसाल्टचा आणि माथ्याकडचा भाग रायोलाइटचा आहे. दोन्ही खडकांच्या भेगांमध्ये मूठभरच माती साचते, पाऊस चार दिवस थांबला की ती कोरडी पडते आणि वारा सतत लागतो. अशा जागी रुजलेले झाड खुरटते, त्याला चार-सहाच पाने येतात आणि एखाद-दुसरे फूल येऊन ते लगेच बी धरते. त्याच बियांतून पायथ्याच्या ओलसर मातीत गुडघ्याएवढे झाड वाढू शकते. म्हणून कड्यावरच्या वनस्पतीच्या बाबतीत पहिला प्रश्न “हे वेगळे दिसते का” असा नसून “हे वेगळेपण बियांतून पुढे जाते का” असा असतो, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय लिहिलेला शोधनिबंध कोणताही जाणकार परीक्षक परत पाठवील.

याचे उत्तर मिळवण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बडोद्यात राहून जमण्यासारखे आहेत. पहिला असा की पायथ्यापासून कड्यापर्यंत चढत जाताना वाटेत भेटणारी तेरड्याची झाडे मोजपट्टीने मोजत जावीत: उंची, पानाची लांबी-रुंदी, देठाची लांबी, फुलामागच्या बाकदार नळीची लांबी. मोठ्यापासून लहानापर्यंत सलग साखळी मिळाली, तर प्रजाती एकच आहे असे समजावे. याउलट एकाच पाझरावर, एकाच मातीत दोन्ही रूपे शेजारी-शेजारी वाढत असतील आणि मधले रूप कुठेच सापडत नसेल, तर तो फार वजनदार पुरावा ठरतो. दुसरा मार्ग लागवडीचा. बोंड पिकत आले की त्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधावी, कारण ते नुसत्या स्पर्शाने फुटते आणि बी उडून जाते. कड्यावरचे आणि पायथ्याचे बी पुढच्या पावसाळ्यात एकसारख्या कुंड्यांत, एकाच मातीत, एकाच सावलीत पेरावे. तेरडा वर्षायू असल्यामुळे एका पावसाळ्यात निकाल हाती येतो. कंद असलेल्या किंवा लाकूड धरणाऱ्या वनस्पतींच्या अभ्यासकांना ही सोय नसते.

आता कोणत्या लक्षणांना महत्त्व द्यावे ते पाहू. रंगावर विसंबू नये. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण सर्वांना ठाऊक आहे, आणि एकाच टेकडीवर पांढऱ्यापासून गडद गुलाबीपर्यंत फुले मिळतात. फुलाची रचना मात्र बोलकी असते. तेरड्याच्या फुलात सहसा बाजूची दोन चिमुकली निदले (पाकळ्यांबाहेरची दले) आणि एक खालचे मोठे, होडीसारखे निदल असते, ज्याच्या टोकाला बाकदार नळी असते. पाकळ्या पाच असल्या तरी वरची एकच सुटी असते आणि उरलेल्या चार दोन-दोन जोडून दोन दुभागलेल्या पाकळ्यांसारख्या दिसतात. या जोडपाकळीच्या दोन भागांचा आकार, बाजूच्या निदलांची संख्या, नळीची लांबी आणि बाक, आणि बोंडावरची लव, यांवरच या गटातील प्रजाती वेगळ्या ओळखल्या जातात. साध्या तेरड्याचे बोंड दाट लवदार असते. म्हणूनच आपल्या छायाचित्रातील गुळगुळीत बोंडाने माझे लक्ष वेधले. ते छायाचित्र थोडे अस्पष्ट आहे, आणि ओल्या बोंडावर लव चिकटून बसली असेल तरीही ते गुळगुळीत दिसू शकते. दहापट भिंगाने कोरडे बोंड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक व्यावहारिक अडचण आधीच सांगतो. या कुलातील फुले वर्तमानपत्रात दाबून वाळवली की पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा होतो, आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या, कागदावर नंतर काहीच ओळखू येत नाही. त्यामुळे ताजे फूल त्याच दिवशी पाण्याच्या बशीत सोडून सुईने एकेक भाग अलग करावा, ओल्या कुंचल्याने काळ्या कागदावर पसरावा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि मग ते भाग स्वतंत्र कागदात दाबावेत. आणखी एक-दोन फुले सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत.

ग्रंथांच्या बाबतीत, 1966 साली सयाजीराव विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली चव्हाण आणि ओझा यांची पावागडची वनस्पतिसूची प्रथम पाहावी, मग शहा यांचा 1978 चा गुजरात राज्याचा फ्लोरा (प्रदेशातील वनस्पतींचा वर्णनग्रंथ), आणि मग कुक यांचा 1901 ते 1908 या काळातील मुंबई इलाख्याचा फ्लोरा. या तिन्हींत वनस्पती सापडली नाही, तर त्याचा अर्थ ती इथे पूर्वी नोंदलेली नाही एवढाच होतो. सातपुडा, डांग, अबू आणि सह्याद्री येथील प्रजातींशी तुलना झालीच पाहिजे, कारण तेरड्याच्या वंशात जगात हजाराहून अधिक आणि भारतात दोनशेहून अधिक प्रजाती आहेत. ती सह्याद्रीतील ज्ञात प्रजाती निघाली तरी गुजरातेसाठी नवी नोंद होईल, आणि ती नोंदही प्रसिद्ध करण्याच्या योग्यतेची असते. तुलना पुस्तकातल्या वर्णनाशी करून थांबू नये. मूळ वर्णन आणि ज्या नमुन्यावरून ते लिहिले गेले तो होलोटाइप पाहावा. लंडनमधील क्यू वनस्पती उद्यानातील अनेक जुन्या नमुन्यांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात; आपल्या विद्यापीठाचे हर्बेरियम, ज्याचे संकेतनाम बारो आहे, ते तर घरचेच; मुंबईचे ब्लाटर हर्बेरियम आणि पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे हर्बेरियम रेल्वेने गाठता येते. जुनी, रद्द मानली गेलेली नावेही तपासावीत. जुन्नर परिसरातील कड्यांवरची शिंदळ माकुडी ही वनस्पती डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फ्रेरिया या स्वतंत्र वंशात वर्णिली होती आणि आज अनेक अभ्यासक तिला बुसेरोसिया वंशात ठेवतात. एकच नाव शोधणाऱ्याला तिच्याविषयीचे निम्मे साहित्य सापडणार नाही.

हे सगळे वाचून निराश होऊ नये. नाशिकजवळचे अंजनेरी हे वर्दळीचे ठिकाण, तरी तिथून कंदीलपुष्पाची सेरोपेजिया अंजनेरिका ही प्रजाती 2006 साली वर्णिली गेली. ब्राझीलमधील ड्रोसेरा मॅग्निफिका ही कीटकभक्षी वनस्पती तर फेसबुकवरील छायाचित्रांवरून प्रथम लक्षात आली आणि 2015 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले.

नमुना गोळा करण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी आणि चांपानेर-पावागड हा जागतिक वारसा परिसर असल्याने पुरातत्त्व खात्याच्या हद्दीचीही चौकशी करावी. कड्यावर झाडे मोजकीच असतील तर एक-दोन फुललेल्या फांद्या पुरेत; मुळासकट उपटू नये. पावसात कड्यावर दोराशिवाय आणि प्रशिक्षित सोबत्याशिवाय चढणे मला मुळीच मान्य नाही. दुर्बिणीने किंवा लांब पल्ल्याच्या लेन्सने बरेच काम भागते.

प्रजाती खरोखर नवीन ठरली तर नावाचे नियम काटेकोर आहेत. 1958 पासून टाइप नमुना, म्हणजे नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो नमुना, नेमणे आणि 1990 पासून तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे हे लिहिणे सक्तीचे आहे. 1935 ते 2011 या काळात वर्णन किंवा इतर प्रजातींहून वेगळेपण सांगणारी टिपणी लॅटिनमध्येच असावी लागे. 2012 पासून इंग्रजीही चालते आणि आयएसएसएन (नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) असलेल्या नियतकालिकातील पीडीएफही ग्राह्य धरली जाते. डीएनए विश्लेषण सक्तीचे नाही. ते असले तर उत्तम, परंतु बोंडाची लव आणि पाकळीचा आकार नीट न तपासता केलेले डीएनएचे वाचन फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 नुसार नवीन वनस्पती नियुक्त संग्रहसंस्थेला कळवून तिचा नमुना तिथे जमा करावा लागतो.

एक विनंती तातडीची आहे. आपल्या पहिल्या छायाचित्रासोबत जागेचे अचूक अक्षांश-रेखांश उघड दिसत आहेत, ते आजच काढून टाकावेत, आणि मनात योजलेले नाव शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत कुठेही लिहू नये. नवरात्रात गडावर गर्दी उसळण्यापूर्वी एकदा जाऊन कोरड्या, पिकत आलेल्या बोंडाचे भिंगातून छायाचित्र घ्या आणि पायथ्याच्या तेरड्याचे बोंड शेजारी ठेवून दुसरे घ्या. ती दोन्ही पाहिल्यावर पुढची तुलना कोणत्या प्रजातींशी करायची हे मी सांगू शकेन.