घरापुरत्या दुधासाठी एक गाय घ्यावी की दोन शेळ्या? शेळीच्या दुधाला वास येतो का?

दोन शेळ्या. घरात चार माणसं आणि मागे थोडीच मोकळी जागा, हे तुम्हीच लिहिलंय. मग गाय डोक्यात आली तरी कशी? ताजी व्यायलेली गाय बादलीभर दूध देते, ते रोज कुणाच्या घशात ओतणार? आणि पुढच्या विण्याआधी तिला दोन महिने आटवावं लागतं, तेव्हा घरात थेंब नाही. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, गायीचा नऊ. दोन शेळ्या मागेपुढे गाभण राहिल्या की एक आटते तेव्हा दुसरी दुधात असते.

आता वासाचं. आमचे थोरले दीर गायवाले. शेळीच्या दुधाला वास मारतो, हे त्यांनी येईल त्या पाहुण्याला ऐकवलंय. एकदा शेळी माजावर आली म्हणून बोकड आणला, तर दिरांनी तो नेमका दुभत्या शेळीच्या शेजारच्या खुंट्याला बांधला. माजलेला बोकड स्वतःच्या दाढीवर, पुढच्या पायांवर मुततो. शिंगांच्या बुडाशी ग्रंथी असतात, त्यांचा दर्प वेगळाच. असं अंग तो शेळीला घासत होता. संध्याकाळी दीर पेला नाकाशी धरून म्हणाले, "आता बोला!"

मी काही बोलले नाही. बोकड लांब, वारा आमच्याकडे येणार नाही अशा बाजूला बांधला. कास धुऊन कोरडी केली, पहिल्या दोन धारा वेगळ्या काढल्या, दूध लगेच गाळून थंड पाण्यात ठेवलं. दोन-तीन दिवसांत वास गेला. त्याच शेळीचं ताजं दूध पुन्हा पुढे केलं, तर म्हणे पातळ लागतं! अहो, फॅट दोन्हींत साधारण सारखीच. शेळीच्या दुधातले स्निग्ध कण बारीक असतात, म्हणून साय नीट धरत नाही, एवढंच. पुढे त्यांची गाय आटली तेव्हा किटली कुणाच्या दारात आली, ते विचारू नका.

हां, लोणी-तूप घरचंच हवं असेल तर मात्र गाय घ्या. एकटी शेळी कधीच आणू नका, ओरडून जीव नकोसा करते. कुंपण आधी भक्कम करा, नाहीतर झाडांचे शेंडे गेलेच म्हणून समजा. दूध उकळूनच प्या, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला जनावराच्या दुधावर ठेवू नका. शेळीच्या दुधात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व, फारच कमी असतं. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला बहुतेकदा शेळीचंही सोसत नाही, तेव्हा त्या आशेवर शेळी घेऊ नका.

आणि दोन शेळ्यांसाठी बोकड पाळायचा नसतो. माज आला की शेळीच बोकडाकडे न्या. बोकड घरी आणायचीच वेळ आली, तर तो कुठे बांधायचा हे घरातल्या गायवाल्यावर सोपवू नका.