१:२४ मापाची ई-टाईप पुढून उंच, मागून दबलेली दिसते. स्प्रिंग कापू का?

स्प्रिंग कापू नका, भाऊ. तुमची अडचण मला समजली ती अशी: प्लास्टिक किटमधली सिरीज १ ची जॅग्वार ई-टाईप पुढून दीड मिलिमीटर उंच वाटते, मागून बसल्यासारखी दिसते, सपाट काचेवर ठेवली तर मागचं एक चाक टेकत नाही, आणि आर्वीजवळच्या गावात हॉबीचं दुकान नसल्यामुळे घरच्या सामानावर काम भागवायचं आहे. भागतं. पण मॉडेलमधली स्प्रिंग गाडीचा भार उचलत नाही, ती फक्त दिसायला असते. गाडी किती उंच बसणार हे चाकाचा आस बॉडीच्या मानाने कुठे आहे यावर ठरतं. त्यातून ई-टाईपला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीच. मूळ गाडीत पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळ खाणाऱ्या लांब दांड्या. तुम्हाला पुढे दिसतात ते नुसते शॉक ॲब्झॉर्बर. मागे मात्र दर बाजूला दोन, अशा चार कॉइल स्प्रिंग आहेत. त्या कापल्या तर गाडी खाली येणार नाही, फक्त नक्कल बिघडेल.

पहिली शंका बॉनेटवर घ्या. ई-टाईपचं बॉनेट आणि पुढचे मडगार्ड हा एकच तुकडा आहे, म्हणजे पुढच्या चाकावरची कमान बॉनेटमध्येच येते. बॉनेट अर्धा मिलिमीटर वर राहिलं की चाकावरची फट अर्ध्या मिलिमीटरने वाढते, आणि दोष सस्पेन्शनला दिला जातो. दाराखालच्या पट्टीची, म्हणजे सिलची, जमिनीपासूनची उंची पुढच्या टोकाला बरोबर असेल आणि तरी कमानीत फट असेल, तर गुन्हेगार बॉनेटच. इंजिनच्या दोन्ही कॅम कव्हरवर, म्हणजे माथ्यावरच्या दोन लांब झाकणांवर, आणि रेडिएटरच्या माथ्यावर घट्ट भिजवलेल्या कणकेच्या ज्वारीएवढ्या गोळ्या ठेवा, वर पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा टाका आणि बॉनेट हलकेच दाबून बसवा. जिथे गोळी कागदासारखी चपटी झाली, तिथे अडतंय. बहुतेक वेळा इंजिनच्या बुडाखाली साचलेला सुकलेला सिमेंट (किट जोडायचा प्लास्टिकचा गोंद), नाहीतर बॉनेटच्या आतल्या बाजूच्या साच्याच्या गोल खुणा आणि बिजागरावर चढलेला रंग, एवढंच निघतं. ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की अर्धी तक्रार संपते. हीच परीक्षा आतल्या सीटच्या टबाखालीही, म्हणजे सीट बसतात त्या खोलगट तुकड्याखाली, करा, कारण टब अडला तर सगळी बॉडीच चेसिसवर पूर्ण बसत नाही.

आता मोजणी. फरशीवर मोजू नका, टाईलला थोडा बाक असतो. काचवाल्याकडून ५ मिमी काचेचा वहीएवढा तुकडा आणा. गाडी काही न चिकटवता, मास्किंग टेपवर जोडून काचेवर ठेवा आणि सिलची उंची चार ठिकाणी घ्या: डावी-उजवी, पुढे-मागे. व्हर्नियर कॅलिपरच्या मागून निघणारी पट्टी याच कामाची. आकडे बॉनेटच्या आत पेन्सिलने लिहून ठेवा.

किती हवी, हे मूळ गाडीच्या फोटोवरून काढा. फोटो बरोबर बाजूने आणि लांबून काढलेला पाहिजे. जवळून मोबाईलने काढलेल्या फोटोत जवळचं चाक मोठं दिसतं आणि हिशोब चुकतो. १९६१ मध्ये जिनिव्हाला दाखवलेल्या दोन सीटच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांतलं अंतर, २४३८ मिमी, म्हणजे १:२४ मध्ये १०१.६ मिमी. छापलेल्या फोटोत व्हीलबेस १६० मिमी आणि सिलची उंची १३ मिमी भरली, तर १३ भागिले १६० गुणिले १०१.६, उत्तर सुमारे ८.२५ मिमी. हे नुसतं उदाहरण आहे, तुमच्या फोटोचे आकडे तुम्ही घाला. कूपेची, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीची, एकूण उंची १२१९ मिमी होती, ती मॉडेलवर ५०.८ मिमी यायला हवी. पडताळणीला हा आकडा फार उपयोगी पडतो. आणि मनात एक माप पक्कं ठेवा: मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ एक इंच. ०.३ मिमीचा फरकही डोळ्याला कळतो.

इथे माझं स्पष्ट मत सांगतो. आजच्या गाड्या पाहून ई-टाईपला जमिनीला चिकटवू नका. त्या काळचे टायर अरुंद आणि उंच बाजूचे, चाकं बॉडीच्या आत सरकलेली, त्यामुळे मूळ गाडीतही पुढच्या कमानीत थोडी फट दिसतेच. ती ठेवली तरच गाडी १९६१ ची वाटते. टायरचा व्यासही मोजा, सुमारे २८ मिमी असावा. किटचा टायर २९ चा असेल तर तुमचा अर्धा मिलिमीटर तिथेच सापडला.

काम मागून सुरू करा. मागचा भाग उचलला की पुढचं नाक उंच वाटणंही कमी होतं, आणि मागे पाचर घालणं उलटवता येतं. पुढे पाडलेलं भोक उलटवता येत नाही. ई-टाईपचं मागचं सस्पेन्शन एका पिंजऱ्यात बसतं, आणि तो पिंजरा तळाला खालून चिकटतो. या दोहोंच्या मध्ये पातळ पाचर घातली की बॉडी तेवढीच वर येते. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, घासून ०.५ पर्यंत आणता येतं. पण ते पीव्हीसी आहे, किटच्या सिमेंटने धड चिकटत नाही. त्याला फेविक्विक किंवा अराल्डाईट लागतं. सिमेंटनेच जोडायचं असेल तर तळाशी त्रिकोणात ६ आकडा असलेला डिस्पोजेबल कप शोधा, ते किटसारखंच पॉलिस्टायरीन असतं. ५ आकड्याचा डबा घेऊ नका, त्याला काहीच धरत नाही. १ मिमीच्या वर पाचर गेली तर प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे इंजिनकडून मागे जाणाऱ्या फिरत्या दांडीचं, टोक मागच्या डिफरन्शियलला जुळत नाही आणि सायलेन्सरचे नळ तिरके दिसतात. तेवढी गरज असेल तर उरलेला फरक हबच्या, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या तुकड्याच्या, भोकातून काढा.

पुढे खरं काम आहे. चाक ज्या खुंटीवर बसतं ती खुंटी उभ्या तुकड्यावर, म्हणजे अपराइटवर, ओतलेली असते. गाडी खाली आणायची तर खुंटी वर सरकवायची. हे वाचायला सोपं आहे, पण उलट भोक पाडणारेच जास्त, म्हणून अपराइटवर आधी वरच्या दिशेचा बाण काढा. मग जुनी खुंटी ब्लेडने सपाट कापा, कानशीने गुळगुळीत करा. जुन्या केंद्रातून उभी रेघ ओढा, हवं तेवढं अंतर वर मोजा आणि सुईने खड्डा पाडा. सुईचा खड्डा नसेल तर ड्रिल घसरतं आणि दोन चाकं पुढे-मागे होतात. हातड्रिलने आधी ०.८ मिमीचं भोक, मग हवं ते माप. नवी खुंटी स्टीलची करा. चाकाचं भोक २ मिमी असेल तर सायकलच्या दुकानातला १४ गेजचा स्पोक नेमका २ मिमी असतो; पण अपराइट ४ मिमीपेक्षा अरुंद असेल तर २ मिमीच्या भोकाने तो चिरतो. तिथे मोठ्या कागदी क्लिपची तार मापून घ्या, साधारण १ मिमी भरते, आणि चाकाच्या भोकात पोकळ प्लास्टिक नळी बसवून फरक भरा. दोन्ही अपराइट एकमेकांवर टेपने बांधून एकाच वेळी भोक पाडलं तर डावं-उजवं सारखं येतं. बांधताना बाहेरच्या बाजू समोरासमोर येऊ द्या.

एका बैठकीत ०.७ ते ०.८ मिमीपेक्षा जास्त सरकवू नका. कोरडं जोडा, चाक पूर्ण वळवून बघा. टायर आणि कमानीच्या आतल्या भागात निदान अर्धा मिलिमीटर मोकळा राहिला पाहिजे. बॉनेट उघडबंद करतानाही चाकाला घासतं का ते पाहा, कारण कमान त्याच्याबरोबर फिरते.

न टेकणाऱ्या चाकासाठी आधी एकटी चेसिस काचेवर ठेवा आणि चारी कोपऱ्यांखाली कागदाची पट्टी सरकवा. साधा ८० जीएसएम कागद सुमारे ०.१ मिमी असतो. चेसिसच पिळलेली असेल तर, रंग दिलेला नसताना, गॅसवरून उतरवलेल्या गरम पाण्यात पंधरा-वीस सेकंद धरा, उलट दिशेने हलका पीळ द्या आणि थंड पाण्यात घाला. उकळत्या पाण्यात टाकलीत तर ती हातातच लोळेल.

चेसिस सरळ असेल तर शेवटची जुळणी गाडीला आधारावर बसवून करा. सिलखाली दोन्हीकडे कार्डांच्या थप्प्या लावा. ८.२ मिमीला १० कार्डं आणि ६ कागद लागतात. बॉडीसकट चेसिस थप्प्यांवर ठेवा, खुंट्यांना मंद अराल्डाईट लावा आणि चाकं आपल्या वजनाने काचेवर टेकू द्या. खुंटीच्या भोकाला केसभर सैलपणा ठेवलेला असला की चारही चाकं एकाच पातळीवर येतात. रात्रभर हात लावू नका. पाच मिनिटांचं अराल्डाईट इथे नको, मे महिन्यात ते कालवता कालवताच गोळा होतं. तारांच्या चाकांवर क्रोम असतं. चिकटवायच्या जागेवरचं क्रोम खरवडलं नाही तर चाक क्रोमसकट सुटून येतं.

आपल्या भागातल्या हवेचं भान ठेवा. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने पकडतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात उशीर लावतं. सांध्यावर तोंडाची वाफ सोडली की पकडतं. कूलरच्या खोलीत आणि पावसाळ्यात ते झटकन धरतं, पण क्रोमवर आणि काचांवर पांढरी बुरशीसारखी छाया सोडतं. तिथे अराल्डाईटच वापरा.

टायर रबरी असेल तर काचेवर १२० नंबरचा पेपर पसरून बूड ०.३ मिमी सपाट घासा. गाडीला वजन असल्यासारखी दिसते आणि तेवढीच खालीही येते. मग चाक फिरवायचं नाही, एवढंच.

मित्राकडे १:१८ मापाची डायकास्ट, म्हणजे धातूची तयार गाडी असेल, तर तिला हे लागू नाही. तिथे बहुधा खरी स्प्रिंग असते, तळाचे स्क्रू काढून बॉलपेनच्या स्प्रिंगचा योग्य लांबीचा तुकडा घालता येतो, आणि १ मिमी म्हणजे १८ मिमी धरायचे.

तयार गाडी टिनाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवू नका. ४५ अंशाच्या दिवसांत टिनाखालची हवा त्याहून तापते, आणि महिनोन्महिने भार सोसणारे पातळ प्लास्टिकचे हात हळूहळू वाकतात. तळाच्या मध्यभागी, बाहेरून दिसणार नाही असा, चेसिसला जेमतेम टेकणारा लाकडी ठोकळा ठेवला की भार चाकांवरून उतरतो.