ॲमेझॉनमध्ये माशांच्या दोन हजारांवर जाती आणि ऱ्हाईनमध्ये जेमतेम पन्नास, हा फरक केवळ पाण्याच्या प्रमाणामुळे आहे का?

पाण्याचा वाटा मोठा आहे, पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. खोरे विस्तीर्ण आणि प्रवाह भरघोस असेल, तर ओढे, डोह, पाणथळी, पुरात बुडणारी जंगले अशा वस्तीच्या जागा वाढतात आणि कोरड्या वर्षांत एखादी जात नामशेष होण्याचा धोका कमी होतो. उष्ण प्रदेशात वर्षभर खाद्यही मिळते.

मी मात्र नदीच्या इतिहासाला अधिक महत्त्व देतो. आमच्या नाशिकजवळ त्र्यंबकच्या डोंगरांत पडलेला पाऊस एका उतारावरून गोदावरीने बंगालच्या उपसागराला जातो, तर दुसऱ्या उतारावरून वैतरणेने अरबी समुद्राला. माणूस ती धार सकाळच्या फेरफटक्यात ओलांडतो. माशाला ती ओलांडता येत नाही आणि बहुतेक जातींना समुद्राचे खारे पाणीही सोसत नाही. त्यामुळे प्रत्येक खोरे माशांच्या दृष्टीने बेटासारखे असते.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, उत्तर युरोप बर्फाखाली होता आणि दक्षिणेकडची वाट आल्प्सने अडवली होती. ऱ्हाईनचे बरेच मासे तेव्हा गेले आणि पुढे थोडेच परतले. पूर्वेकडे काळ्या समुद्राला मिळणाऱ्या डॅन्यूबमध्ये आसरा उरल्याने तिथे शंभराच्या आसपास जाती आहेत. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, म्हणून तिच्यातल्या माशांना नदीतूनच खाली सरकता आले आणि बर्फ वितळल्यावर परत वर येता आले.

कधी नदीच स्वतःला विभागते. काँगोच्या मुखाकडच्या भागात पात्र 200 मीटरहून खोल आहे आणि प्रवाह इतका दांडगा, की दोन काठांवरचे एकाच गटातले मासेही वेगळे होत गेलेले आढळतात. तिथला एक फिकट, आंधळा मासा बहुधा मेलेला किंवा मरणासन्न अवस्थेतच हाती लागतो, कारण खोल पाण्यातून अचानक वर फेकला गेल्यावर कमी झालेला दाब त्याला सोसत नाही.

कोणत्याही नदीचा आजचा आकडा पाहताना त्यात बाहेरून आणलेल्या जाती किती, हेही तपासावे. नाशिकच्या मासळी बाजारातले रोहू आणि कटला मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले, तर चिलापी आफ्रिकेतली. गोदावरीच्या यादीत त्या धरल्या की आकडा वाढतो, पण ती वाढ नदीची नव्हे, माणसाने केलेली असते.